खांद्यावरचं गोंदण

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी मोजलं तेव्हा विमानाच्या डाव्या खांद्यावर दोन हजार एकशे साठ सेन्सर होते. त्यांतले दोन हजार एकशे चोपन्न नीट उत्तर देत होते. चार मुके होते. उरलेले दोन बरळत होते, म्हणजे विमान जागचं हललेलं नसताना त्यांचे आकडे वरखाली होत होते. हँगरमध्ये माझ्याशिवाय तीन माणसं होती, त्यांतला एक मोठ्या पंख्याखाली चटई टाकून झोपला होता. तापमान चौतीस अंश. दुपारी ते चव्वेचाळीसवर जाणार होतं, म्हणून उन्हाळ्यात आमची पाळी साडेपाचलाच सुरू व्हायची.

माझा हा सुटीशिवायचा तेरावा दिवस होता. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटत होतं. सहा सेन्सर बिघडलेले असणं मर्यादेत बसत होतं, म्हणून मी तशी नोंद केली आणि जुन्या उड्डाणांची माहिती उतरवून घ्यायला लावली.

विमान एकोणीस आसनांचं, बॅटरीवर चालणारं. अशी नऊ विमानं नागपूरहून गोंदिया, गडचिरोली, अहेरी आणि भामरागड या धावपट्ट्यांवर जातात. पंख धडाला जिथे जुळतो त्या फुगीर भागाला हँगरमध्ये सगळे खांदा म्हणतात. कागदावर त्याचं नाव मोठं आहे, ते कुणी उच्चारत नाही. पंखाने उचललेलं सगळं वजन खांद्यातून धडात उतरतं. खांदा दोन पातळ कार्बन-कातड्यांचा असतो आणि त्यांच्या मधे मधमाश्यांच्या पोळ्यासारखा हलका गाभा चिकटवलेला असतो. कातडं आणि गाभा एकमेकांना घट्ट धरून आहेत तोवर त्याच्यासारखं मजबूत काही नाही. ते सुटायला लागले की बाहेरून काहीच दिसत नाही.

आमचं काम या खांद्यावर सेन्सर छापण्याचं. सपाट पट्टीवर सेन्सर छापून ती वर चिकटवावी, असं कुणालाही वाटेल. पण पाण्याच्या माठाला वर्तमानपत्र गुंडाळून पाहावं, कुठेतरी चुणी पडतेच. खांदा दोन दिशांना वळलेला असतो, चुणी पडली की तारेची रेघ तुटते. म्हणून आम्ही थेट विमानावरच छापतो. चांदीचे अतिसूक्ष्म कण असलेल्या शाईचं धुकं केलं जातं. त्या धुक्याभोवती नायट्रोजनची नळी वाहत असते, ती धुक्याला आवळून केसाच्या निम्म्या जाडीची धार करते. यंत्राचा हात खांद्याच्या वळणावरून तीन मिलिमीटर वर राहून फिरतो आणि रेघ उमटत जाते. मग प्रखर प्रकाशाचा क्षणभर झोत टाकला की चांदीचे कण एकमेकांत वितळतात, खालचं कातडं मात्र तापत नाही. एका खांद्याला एकतीस तास लागतात. काम झाल्यावर करड्या पृष्ठभागावर चंदेरी नक्षी दिसते. तिला गोंदण हे नाव मेश्रामकाकांनी दिलं आणि ते सगळ्यांच्या तोंडी बसलं.

गोंदण काम करतं ते साध्या नियमावर. रेघ ताणली की लांब आणि बारीक होते आणि तिच्यातून वीज जायला जरा जास्त अडथळा होतो. तो अडथळा मोजला की त्या जागी कातडं किती ताणलं गेलं ते कळतं. पण किती ताण योग्य, हे रेघेला माहीत नसतं. म्हणून छपाईनंतरच्या पहिल्या दहा उड्डाणांत जो नमुना मिळतो, तेच त्या खांद्याचं निरोगी रूप असं धरलं जातं. याला आम्ही शून्य म्हणतो. पुढचं सगळं या शून्याशी ताडून पाहिलं जातं. शून्य घेण्याची पद्धत मी लिहिली आहे. तिच्या पहिल्याच ओळीत म्हटलं आहे की छपाईआधी खांदा निर्दोष असल्याची खात्री शिक्काधारक तपासनिसाने केलेली असावी.

आमच्याकडे कातड्यांचा शिक्काधारक तपासनीस एकच होता. वासुदेव मेश्राम, शिक्का क्रमांक सात.

सात वाजता ते आले. एका हातात चहाचे दोन कागदी कप आणि काखेत टोपी. एकोणसाठ वर्षांचे, उंच, हवाई दलात बावीस वर्षं काढलेले. माझ्या नोकरीचे पहिले तीन महिने त्यांनी मला यंत्राला हात लावू दिला नव्हता. हातात पितळेची छोटी हातोडी देऊन दिवसभर भंगारातली पॅनेल ठोकायला लावली होती. कातडं गाभ्याला चिकटलेलं असेल तर आवाज ठणक येतो, सुटलेलं असेल तर बसका येतो. नुसतं इतकंच, पण ते कानात बसायला मला नव्वद दिवस लागले.

"काय पाहून राहिली इतकी?" ते म्हणाले. "चष्मा लागन तुले."

"लागलाय काका. जानेवारीतच."

"मंग दुसरा लागन." त्यांनी कप माझ्या टेबलावर ठेवला. "घरी गेलती का काल?"

"गेले होते. झोपले आणि आले."

"त्याले घरी जाणं नाही म्हनत. त्याले पार्किंग म्हनतात."

मी हसले. त्यांचं लक्ष पडद्यावर नव्हतंच. हे गोंदण पूर्ण मान्य झालं की हातोडी नियमातून निघणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना निवृत्त व्हायला पाच महिने होते. "माझ्यामांगं हातोडी गेली तरी चालते, माझ्याआंधी नको," असं ते म्हणत. निवृत्तीच्या दिवशी तपासनिसाने आपला रबरी शिक्का सगळ्यांसमोर स्वतः कात्रीने कापायचा आणि पेढे वाटायचे, अशी आमच्या हँगरची पद्धत आहे. तो क्रमांक मग कुणाला देत नाहीत. शिक्का काढून घ्यावा लागला तर मात्र तो पाकिटात घालून क्वालिटीच्या कपाटात जातो आणि त्याने उमटवलेलं प्रत्येक काम पुन्हा उघडलं जातं.

मी चहा प्यायले आणि पडद्याकडे वळले. चारशे बारा उड्डाणांचा नकाशा भरून आला होता. ताण जास्त तिथे तांबडा, मध्यम तिथे पिवळा, कमी तिथे हिरवा. सगळा खांदा हिरवा-पिवळा होता आणि मर्यादेबाहेरची एकही खूण नव्हती. सॉफ्टवेअरने खाली "समाधानकारक" असं लिहिलं होतं. विमान दुपारी चार-वीसला अहेरीला जायचं होतं.

मी पडद्यावरची ती खिडकी बंद करणार होते. थकलेला माणूस कधीकधी एखाद्या गोष्टीकडे नुसता पाहत बसतो, काही शोधत नसतो. तसं पाहताना मला मागच्या कडेजवळ गडद हिरवा ठिपका दिसला. तळहाताएवढा. उड्डाणाच्या वेळी आजूबाजूचे सेन्सर दहा लाखांत सहाशे भाग ताणले जात होते, तिथले फक्त दोनशेच्या आत. मी पहिलं उड्डाण उघडलं. ठिपका तेव्हाही होता, पण लहान. नऊ सेन्सरांचा. आता तो चौदा सेन्सरांचा झाला होता.

एवढी शांत जागा त्या खांद्यावर असायला नको होती. भार शेजारून जातो आणि मधल्या एका तुकड्याला काहीच लागत नाही, याचा अर्थ तो तुकडा भार घ्यायला तिथे नाहीच. कातडं गाभ्यापासून सुटलेलं असेल तर असं होतं. सॉफ्टवेअर गप्प बसलं होतं, कारण ताण वाढला तरच इशारा द्यावा, असा नियम होता. घटला तर नाही. तो नियमही मीच लिहिला होता.

मी उठून खडू घेतला.

"काका, हातोडी घेऊन येता का जरा? डाव्या खांद्याला."

"तुझ्या गोंदणाले माझी आठवन आली का?" ते शिडी चढत म्हणाले. "दाखव."

मी खडूने ठिपक्याच्या कडा आखल्या. त्यांनी बाहेरून सुरुवात केली. ठण, ठण, ठण. एकसारखा हात, मनगटातून, जोर न लावता. हातोडी खडूच्या रेघेच्या आत गेली आणि आवाज बसला. इतका स्पष्ट की मी शिडीवर एक पायरी खाली उतरले. ते तसेच ठोकत दुसऱ्या कडेने बाहेर आले. आवाज पुन्हा ठणक झाला.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "एकदम ठणठणीत."

मी खडूच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"काय? तोंड काऊन पाडलं?"

"परत एकदा ठोका ना."

त्यांनी पुन्हा ठोकलं. पुन्हा तेच झालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातोडीकडे पाहिलं आणि ती माझ्या हातात दिली. मी आधी रेघेच्या बाहेर ठोकलं, मग आत. तीन वेळा. ते माझा हात पाहत नव्हते, माझा चेहरा पाहत होते.

"दोन्ही सारखे वाटतात तुम्हाला?" मी विचारलं.

त्यांनी खांद्यावर तळहात ठेवला. "ठोकताना बोटाले सारखंच लागलं."

"बोटाला नाही काका. कानाला."

पंख्याखालचा माणूस कूस बदलून पुन्हा झोपला.

"कानाले विचारनं मी मागच्या दिवाळीपासून बंद केलं," ते म्हणाले.

आम्ही खाली उतरून शिडीच्या पायाशीच बसलो. त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. हवाई दलात इंजिनांच्या शेजारी गेलेली वर्षं, मग इथली सोळा. आवाजाने खराब झालेल्या कानांतून वरचे सूर आधी जातात. माणसाला बोलणं ऐकू येतं, हाक ऐकू येते, म्हणून त्याला आणि इतरांनाही काही कळत नाही. चांगल्या पॅनेलची ठणक त्या वरच्या सुरांत असते. ते वजा केले की चांगलं आणि वाईट दोन्ही सारखंच बसकं उरतं. जुन्या विमानांची कातडी जाड होती, हातोडी उसळून परत येताना बोटांना फरक कळत असे. ते बोटांनी ऐकायला शिकले होते. या खांद्याचं कातडं सव्वा मिलिमीटरचं आहे.

"पण दरवर्षी मेडिकल होतं ना? कानांचंही?"

"होते ना. डब्यात बसवतात, कानाले मशीन लावतात. आवाज आला का बटन दाबाचं." ते जमिनीकडे पाहत होते. "समोर काच आहे. काचेतून बाई दिसते. तिनं खाली पाहून हात हालवला का मी दाबतो."

"काका!"

"मग काय करू? घरी बसू? बायको म्हनते टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांसाठी लावता का." ते हसायला गेले पण हसू पुरतं आलं नाही. "मले वाटे, बोटं आहेत. बोटांनी चालून राहिलं."

मी हिशोब केला. तो करायचा नव्हता, पण आपोआप झाला. या खांद्यावर छपाई सात महिन्यांपूर्वी झाली, म्हणजे दिवाळीनंतर. ठिपका पहिल्या उड्डाणापासून होता, म्हणजे छपाईआधीपासून. त्यांनी तो ठोकला, ऐकू आला नाही, शिक्का मारला. त्या शिक्क्यावर विसंबून मी शून्य घेतलं. गोंदणाने सुटलेलं कातडंच निरोगी म्हणून शिकून घेतलं.

"तुझं शून्य माझ्या सहीवर उभं होतं," ते म्हणाले. मी मोठ्याने काही बोलले नव्हते.

"आणि घट झाली तर बोंब मारू नको, असं मशीनला मी सांगितलं होतं."

"म्हंजे दोघं."

"दोघं."

ते उठले. "चाल. धोटे मॅडमकडे."

"जरा थांबा. आधी कॅमेऱ्याने बघू. काहीच नसेल तर?"

"पोरी, तुले आयकू आलं ना?"

मी हो म्हणाले.

अनघा धोटे क्वालिटीच्या प्रमुख. त्यांनी आमचं ऐकताना एकदाही मधे तोंड घातलं नाही. माझ्या कानाला नियमात किंमत नव्हती, माझ्याकडे शिक्का नाही. म्हणून त्यांनी उष्णतेचा कॅमेरा मागवला. दिव्याने दहा सेकंद पृष्ठभाग तापवायचा आणि तो निवताना पाहायचा. खाली गाभा चिकटलेला असेल तर उष्णता आत जाते. मधे फट असेल तर कातडं एकटंच तापून राहतं. साडेदहाला पडद्यावर तळहाताएवढा पांढरा डाग दिसला, खडूच्या रेघेत जवळपास बरोबर बसलेला. अहेरीचं चार-वीसचं उड्डाण रद्द झालं.

मग धोटे मॅडमच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. कूलरचं पाणी संपलं होतं, तो नुसती गरम हवा फेकत होता.

"एक खांदा," मॅडम म्हणाल्या. "एका खांद्यात चूक झाली, सापडली, लिहू या. हे विमान उभं करू. दुरुस्ती बारा दिवस. ते ठीक आहे."

"आणि बाकीचे?" मी विचारलं.

"तेच म्हणते. बाकीचे सतरा खांदे, सगळ्यांवर दिवाळीनंतरचाच शिक्का. कॅमेरा एका वेळी वीतभर दाखवतो. एका खांद्याला दोन दिवस. चौतीस दिवस सगळी विमानं जमिनीवर." त्यांनी चष्मा काढून डोळे दाबले. "मंगळवार आणि शुक्रवार भामरागडहून डायलिसिसचे पेशंट येतात. चौदा जण. पुढच्या महिन्यात पुलांवर पाणी चढलं की तिकडून रस्ता नसतो. हे मी उगाच सांगत नाही, शलाका. चौतीस दिवस म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते."

"माहीत आहे मॅडम."

"मग एका चुकीवरून मी सतरा खांदे चुकीचे आहेत असं कसं लिहू? चांगला माणूसही एकदा चुकतो. पुरावा लागेल."

"पुरावा माझ्या डोक्याच्या दोन्हीकडून चिकटेल आहे," मेश्रामकाका म्हणाले.

मॅडमनी चष्मा पुन्हा लावला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या मला आवडत नाहीत, पण त्या क्षणी त्याही माझ्याइतक्याच दमलेल्या दिसल्या.

"मेश्राम, तुम्ही थकला असाल त्या दिवशी," त्या हळू म्हणाल्या. "पाळी डबल असेल. रजिस्टर काढते मी. असं होऊ शकतं ना?"

ती वाट त्यांनी मुद्दाम उघडून दिली होती. काकांनी होय म्हटलं असतं तर एक विमान थांबलं असतं, आठ उडत राहिली असती आणि पाच महिन्यांनी पेढे वाटले गेले असते. मलाही ते होय हवं होतं. मला घरी जाऊन झोपायचं होतं.

"थकेल तर मी रोजच असतो मॅडम," ते म्हणाले. "एकदा चुकलो का रोजच चुकून राहिलो, हे मलेच माहीत नाही. तुमी कुठून लिहाल? तपासा मले."

"मेडिकलला पाठवते उद्या."

"मेडिकल नको. तिथे मी पास होतो." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिले ठोकू द्या. मी पाठ करून उभा राहतो. मी हातोडी धरनार नाही, म्हंजे बोटं मधात येनार नाहीत. चांगल्या जागी ठोका, सुटलेल्या जागी ठोका. मी सांगतो."

"किती वेळा?" मॅडमनी मला विचारलं.

असल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार असतं याचा मला त्या दिवशी राग आला. "वीस. नुसत्या अंदाजाने उत्तरं दिली तरी दहाच्या आसपास बरोबर येतील. सतरा किंवा जास्त आली तर त्यांना फरक ऐकू येतो म्हणता येईल. योगायोगाने सतरा येण्याची शक्यता हजारात एकच्या जराशी वर आहे."

"आणि सतराच्या खाली?"

"सतराच्या खाली आपल्याला काहीच म्हणता येणार नाही. म्हणजे त्यांनी शिक्का मारलेला कुठलाच खांदा तपासलेला आहे असं धरता येणार नाही."

"कोनत्या जागी ठोकाचं ते हिनं नाही ठरवाचं," काका म्हणाले. "ही माझ्या लाडाची आहे."

मॅडमनी पर्समधून एक नाणं काढलं. प्रत्येक वेळी त्या ते उडवून मला दाखवणार होत्या. छापा आला तर चांगली जागा, काटा आला तर सुटलेली. बोलायचं नाही.

बारा वाजत आले होते. हँगरचं पत्र्याचं छत तापून कडकड वाजत होतं, त्यात आणखी आवाज नको म्हणून मॅडमनी मोठे पंखे आणि कॉम्प्रेसर बंद करायला लावले. सगळी माणसं बाहेर पाठवली. काका शिडीपासून दोन हात अंतरावर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्या शर्टावर पाठीच्या मधोमध घामाचा लांब पट्टा उमटला होता. मी शिडीवर चढले. एक कागद कातड्यावर चिकटवला, त्यावर दोन रकाने आखले. एकात नाण्याने सांगितलेलं, दुसऱ्यात त्यांनी सांगितलेलं.

काटा. मी ठोकलं.

"भरीव," ते म्हणाले.

काटा.

"पोकळ."

छापा.

"पोकळ." मग थोडं थांबून, "नाही. राहू दे. पोकळच लिही."

उत्तर देताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. हजेरीला ओ द्यावी तसा. चौथं, पाचवं. मी लिहीत होते आणि बेरीज करायची नाही असं ठरवूनही डोक्यात ती होत होती. सहाव्याला काटा आला. मी हातोडी उचलली तेव्हा मनगट माझं राहिलं नाही. चांगल्या जागी ठोकते त्यापेक्षा मी तिथे जोरात ठोकलं. फार नाही. एखाद्याला इशारा कळावा इतकंच.

काकांनी मान अर्धी वळवली, माझ्याकडे न पाहता.

"हे जोरात ठोकलं तू."

"नाही काका."

"कान गेले असन. अक्कल नाही गेली." त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. "आवाज मोठा का लहान एवढं कळते मले अजून. खोड ते. मॅडम, नानं परत उडवा."

मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. मी सहावी ओळ खोडली. त्यांनी नाणं उडवलं. छापा आला.

"एकसारखं ठोक," काका म्हणाले. "तुले शिकवलं तसं."

"हो."

"मले मदत नको करू शलाका. त्या विमानात बसनाऱ्याले कर."

त्यानंतर मी हात एकसारखा ठेवला. नव्वद दिवस भंगारावर जो हात त्यांनी बसवून दिला होता तो. कोपर स्थिर, मनगट सैल, उसळी घेऊ द्यायची. माझ्या कानाला प्रत्येक ठोका स्वच्छ कळत होता, ठणक आणि बसका, ठणक आणि बसका, आणि दोन हातांवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत त्यातलं काय पोहोचत होतं ते त्याच्या पाठीवरून दिसत नव्हतं. तेराव्याला त्यांनी घाम पुसायला वेळ मागितला. सोळाव्याला बराच विचार केला. सतराव्यापासून ते लगेच लगेच सांगू लागले, जणू आता उत्तराशी त्यांचा संबंध उरला नव्हता.

विसावा ठोका झाला. "भरीव," ते म्हणाले आणि वळले.

मी शिडीवरून उतरले. मॅडम नाणं मुठीत धरून उभ्या होत्या, दुसऱ्या हातात फोन होता आणि पडद्यावर उड्डाण नियंत्रण कक्षाचा नंबर काढलेला होता. त्या वेळी तीन विमानं हवेत होती.

"किती?" काकांनी विचारलं.

मी दोन्ही रकाने बोटाने एकेक ओळ ताडून मोजले. मग खालून वर पुन्हा मोजले. कागद मॅडमना दिला, त्यांनी मोजले आणि कागद काकांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा खिशातून काढून लावला आणि प्रत्येक ओळीवर थांबत, ओठ हलवत मोजलं.

ठोके वीस. बरोबर उत्तरं अकरा.